माझ्या डाव्या हाताचा कोपरा

आमच्या फुटबॉल क्लबात मैदानावर नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. जर्सीवरचा नंबर तेच नाव. मी गोली, म्हणजे गोलकीपर, म्हणून मी 'एक'. माझ्यापुढं बचावाला उभा राहणारा आमचा स्टॉपर 'चार', आणि ज्याच्यावरून आम्ही वीस वर्षं भांडलो तो फॉरवर्ड 'नऊ'. लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा एकानं प्रेषक म्हणून 'आपला सात' छापलं होतं आणि त्याच्या सासऱ्यांनी त्यावरून घरी रामायण केलं होतं.

क्लब खडकीच्या बाजूचा. विहाराला लागून एक पत्र्याची खोली होती. तिथं जाळी, बॉल, मैदान आखायच्या फक्कीची पोती आणि एक मोडकं बाक, एवढाच संसार. मैदान मुरुमाचं. डाइव्ह मारली की कोपर सोललंच म्हणून समजा. पलीकडच्या फॅक्टरीचा भोंगा झाला की दिवसपाळीचे कामगार डबे हातात घेऊन थेट आमच्या टचलाइनवर येऊन बसायचे, आणि मग ज्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नाही तेही आम्हाला खेळ शिकवायचे.

भांडणाला तोंड फुटलं ते एका रविवारी, सकाळच्या प्रॅक्टिसनंतर, कोपऱ्यावरच्या इराण्याकडे. खरं तर तो इराणी केव्हाच गेला, आता तिथं उडप्याचं हॉटेल आहे, पण आम्ही अजून इराणीच म्हणतो. मी आता कर्वेनगरला राहतो आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्टचं काम बघतो. रविवारी मात्र बायकोच्या कपाळावरच्या आठ्या ओलांडून खडकीला येतोच. त्या दिवशी क्लबाचा नवा सेक्रेटरी, हिंजवडीत कामाला असलेला पंचविशीतला पोरगा, मोबाईल टेबलावर ठेवून म्हणाला, "काका लोक, यंदाची पहिली पेनल्टी कोणाला द्यायची ते फायनल करू या."

पहिली पेनल्टी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. ही आमच्या मास्तरांनी, म्हणजे क्लबाच्या जुन्या कोचनी, घालून दिलेली रीत. मास्तर आता नाहीत, रीत आहे. सीझनच्या पहिल्या मॅचआधी क्लबाचा एक जुना फॉरवर्ड एक पेनल्टी मारतो आणि एक जुना गोली उभा राहतो. गोलीनं मुद्दाम उलट्या बाजूला पडायचं. बॉल जाळीत गेलाच पाहिजे, कारण ती सीझनची बोहनी. फॉरवर्ड कोण हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पण समोर जो गोली उभा राहणार त्याची 'हो' लागते. मास्तर म्हणायचे, ज्याला तुम्ही गोल द्यायला तयार नाही त्याला मान कसला देता?

गोली गेली काही वर्षं मीच होतो. दुसरा होता तो नाशिकला गेला.

चारनं चहाची बशी खाली ठेवली. चार आता रिक्षा चालवतो आणि गावभरच्या बातम्या त्याच्याकडे असतात. तो म्हणाला, "नऊला बोलवू या."

 टेबल एकदम फुटलं.

"त्या गद्दाराला?" "अरे, पण त्यानंच वर नेलं होतं ना फर्स्ट डिव्हिजनला?" "नेलं आणि त्यानंच खाली पाडलं!" "ज्यानं आपल्याच गोलीला फसवलं त्याला मान द्यायचा? वा!" माझ्या बाजूला बसलेले दोघे माझ्याकडे बघत होते, कारण या विषयात शेवटचा शब्द माझा असायचा. वीस वर्षं असायचा. मी नेहमीसारखं नाक उडवलं आणि म्हणालो, "त्याला इथपर्यंत यायचं तोंड आहे का ते आधी विचारा."

चार माझ्याकडे न बघता बोलला, "त्यानंच निरोप पाठवलाय. वाघोलीला राहतो. दोन्ही गुडघे गेलेत. दिवाळीनंतर ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, नंतर बॉलला लाथ मारायची नाही, कधीच. म्हणाला, त्याआधी एकदा आपल्या मैदानावर बोलवा. एकदाच."

सेक्रेटरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ही पोरं परदेशी क्लबांच्या जर्सी घालतात, तिकडच्या कुठल्या फॉरवर्डनं कोणत्या क्लबाशी बेइमानी केली यावर ऑफिसच्या बसमध्ये तासतासभर वाद घालतात, आणि आपल्या मैदानाचा इतिहास विचारला की तोंड वासतात. त्यानं विचारलं, "त्यांनी केलं काय एवढं?"

मग त्याला सगळ्यांनी मिळून सांगितलं. एकाच वेळी, एकमेकांची वाक्यं तोडत.

ते दिवस बाजार नुकताच खुला झाल्याचे होते. गल्लीत केबल आली होती, चौकात कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि फॅक्टरीत आता भरती होणार नाही असं घराघरांतून हळू आवाजात बोललं जात होतं. आमच्या बापांना फॅक्टरीनं पोसलं होतं, आम्हाला कोण पोसणार ते कळत नव्हतं. अशात हायवेपलीकडच्या एका मोठ्या कंपनीनं नऊला बोलावलं. त्यांची फुटबॉलची टीम होती. टीममध्ये खेळायचं आणि कायमची नोकरी. नऊच्या घरी तीन बहिणी आणि दम्यानं बेजार झालेले वडील. त्यानं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होता?

त्याची आई पेढे घेऊन क्लबाच्या खोलीवर आली होती. डोक्यावर पदर, हातात पुडा, चेहरा नुसता फुललेला. सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवत ती माझ्यापाशी आली. मी म्हणालो, "मावशी, मला गोड चालत नाही." बावीस वर्षांचा घोडा होतो मी. मला सगळं चालत होतं. ती माऊली क्षणभर थांबली आणि पुढच्याच्या हातावर पेढा ठेवला. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

त्याच सीझनच्या शेवटच्या मॅचला तीच कंपनी आमच्यासमोर आली. आम्हाला नुसती बरोबरी पुरत होती. बरोबरी झाली असती तर आम्ही फर्स्ट डिव्हिजनमध्ये राहिलो असतो. शेवटची काही मिनिटं उरेपर्यंत गोलच झाला नव्हता. मग चारच्या हाताला बॉल लागला. पेनल्टी. त्यांच्या कोचनं नऊला खूण केली. नऊनं बॉल ठेवला, मारला, माझ्या डाव्या बाजूला, खाली, खांबाला लागून. मी उजवीकडे पडलेलो. गोल.

आम्ही खाली उतरलो. पुढच्या वर्षी जर्सी द्यायला कोणी आलं नाही, अर्धी टीम पांगली, कोणी कॉम्प्युटर क्लासला, कोणी गल्फला. मीही क्लास लावला.

"आणि गद्दारी कुठं आली यात?" सेक्रेटरीनं विचारलं.

"अरे," माझ्या बाजूचा एक जण तावातावानं म्हणाला, "आपल्या गोलीची डावी बाजू कच्ची होती. हे बाहेरच्या कोणाला माहीत नव्हतं. घरच्यालाच माहीत. त्यानं बरोबर तिथंच मारला! घरचं गुपित नेऊन विकलं त्यानं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरी खांदे उडवून म्हणाला, "काका, आमच्याकडे लोक दर दोन वर्षांनी जॉब स्विच मारतात. जाताना सगळं डोक्यात घेऊनच जातात. त्यांना कोणी गद्दार नाही म्हणत, फेअरवेलला केक कापतात."

कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी स्वतः तीन कंपन्या बदलल्या होत्या, आणि तिन्ही वेळा केक खाल्ला होता.

"तुझं काय?" चारनं मला विचारलं. "उभा राहतोस का त्याच्यासमोर? तू नाही म्हणालास तर विषय संपला. मी त्याला तसं कळवतो."

"रविवारपर्यंत सांगतो," म्हणालो आणि उठलो. चहा अर्धा तसाच राहिला.

आता जे त्या टेबलावर कोणालाच माहीत नव्हतं ते लिहितो. वीस वर्षं मी ते दाबून ठेवलं. बायकोलाही नाही सांगितलं.

माझी डावी बाजू कच्ची होती हे खरं. सुरुवातीला होती. मास्तरांनी ते पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि नऊला कामाला लावलं. प्रॅक्टिस संपून सगळे घरी गेले की आम्ही दोघंच थांबायचो. अंधार पडेपर्यंत तो मला पेनल्टी मारायचा. सगळ्या एकाच कोपऱ्यात, माझ्या डाव्या हाताला, खाली, खांबाला लागून. "चल, डाव्या," म्हणायचा आणि मारायचा. मी पडायचो, कोपर फुटायचं, शिव्या द्यायचो, तो हसायचा आणि पुन्हा बॉल ठेवायचा. मॅचमध्ये समोरच्या गोलीला तो वाटेल तिकडे मारायचा. मला मात्र फक्त डावीकडे. दोन पावसाळे, दोन उन्हाळे हे चाललं. शेवटी असं झालं, की त्या कोपऱ्यात आलेला बॉल मी डोळे मिटूनही काढला असता. माझी डावी बाजू उजवीपेक्षा पक्की झाली होती. हे फक्त तीन माणसांना माहीत होतं. मास्तरांना, नऊला आणि मला.

त्या मॅचला त्यानं बॉल ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. तो नेहमी मारायच्या आधी बघायचा तसंच. आणि मी मनात म्हणालो, याला माहीत आहे की मी डावीकडे जाणार, आता हा तिथं कशाला मारेल? हा आता कंपनीचा माणूस. हा बदलणार. मी उजवीकडे झेप घेतली. बॉल डावीकडे गेला, आणि खरं सांगतो, नेहमीपेक्षा हळू गेला. मी जमिनीवर पडल्या पडल्या तो जाळीपर्यंत सरपटत जाताना बघितला. नऊनं हात वर केले नाहीत. मान खाली घालून सेंटरकडे चालत गेला. आमचे लोक ओरडले, माज बघा, माज!

मला तेव्हाच कळलं होतं. तिथंच, मुरुमात पडलेला असताना. त्याला गोल मारायचा नव्हता. पेनल्टी नाकारली असती तर नोकरी गेली असती, बाहेर मारली असती तर कंपनीचे लोक म्हणाले असते मुद्दाम केलं. म्हणून त्यानं बॉल माझ्या हातात आणून ठेवला होता. मी घ्यायला गेलोच नाही.

खोलीवर परतल्यावर कोणीतरी म्हणालं, "तुझी डावी बाजू त्याला माहीत होती, तिथंच मारला हरामखोरानं." मी तोंड उघडायला हवं होतं. मी बूट काढत राहिलो. मग म्हणालो, "हो ना." एवढंच. दोन शब्द. त्यावर लोकांनी त्याला वीस वर्षं जाळला. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्या दिवसानंतर मला त्यांनी कधी 'शाब्बास' म्हटल्याचं आठवत नाही.

पुढं कंपन्यांनी टीमा बंद केल्या. नऊची टीमही गेली. त्याला काही वर्षं स्टोअरमध्ये बसवलं आणि मग स्वेच्छानिवृत्तीचे कागद पुढं केले. हे सगळं चारकडून कळायचं. मी ऐकायचो आणि विषय बदलायचो. एकदा तर मी म्हणालो होतो, "भोगतोय आपल्या कर्माची फळं." कोणाच्या कर्माची, ते मात्र मनात ठेवलं.

तो आठवडा वाईट गेला. ऑफिसात कॉलवर असताना कोणीतरी परदेशातून विचारत होतं की चूक नक्की कुठं झाली, आणि मी नुसता कॉम्प्युटरकडे बघत बसलो होतो. समोरच्यानं तीनदा 'हॅलो' केलं. खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर काहीच उघड झालं नसतं. लोकांनी माझी पाठ थोपटली असती. नऊ ऑपरेशन करून घेऊन वाघोलीत बसला असता, आणि मी दर रविवारी इराण्याकडे चहा पीत त्याच्या नावानं नाक उडवत राहिलो असतो. फार सोपं होतं.

शनिवारी चारला फोन केला. "बोलव त्याला."

"खरं? का रे?"

"बोलव म्हटलं ना. चौकशी नको." आणि फोन ठेवला. तोंडानं कबूल करायची हिंमत तेव्हाही झाली नाही.

पहिल्या मॅचच्या दिवशी सकाळी मैदानावर बऱ्यापैकी गर्दी होती. मैदान आता निम्मंच उरलंय, एका अंगाला बारा मजली इमारती आल्या आहेत, त्यांच्या बाल्कनीतून लोक चहाचे कप घेऊन बघतात. नऊ चारच्या रिक्षातून उतरला. मी त्याला ओळखलं ते चालण्यावरून नाही, कारण ते चालणं राहिलंच नव्हतं. गुडघे न वाकवता, एकेक पाय उचलून तो येत होता. केस पांढरे झालेले, अंग सुटलेलं. लोक बाजूला झाले, पण कोणी 'जयभीम' घातला नाही. त्यानंच सगळ्यांना हात जोडले. एका म्हाताऱ्या कामगारानं तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गोलात जाऊन उभा राहिलो. पोट सांभाळत. हातमोजे सेक्रेटरीनं दिलेले, नवे, कडक. नऊ बॉल ठेवायला वाकला, वाकता येईना, मग चारनं ठेवून दिला. रीतीप्रमाणे फॉरवर्डनं गोलीला हळूच सांगायचं असतं कुठं मारणार, म्हणजे गोली उलटीकडे पडेल. नऊ दोन पावलं पुढं आला आणि म्हणाला, "नेहमीचाच."

मी मान हलवली.

मागं जाऊन तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघितलं.  तीन पावलं लंगडत आला आणि त्यानं मारला.

मी डावीकडे पडलो.

सगळं अंग घेऊन पडलो, कोपर मुरुमावर घासलं, आणि बॉल येऊन दोन्ही हातांत बसला. पोटाशी धरून तसाच पडून राहिलो. क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मग गलका झाला. "अरे, काय केलं!" "बोहनी घालवली!" "वीस वर्षांनी सूड काढला काय रे त्याच्यावर?" सेक्रेटरी धावत आला, "काका, काका, उलटीकडे पडायचं होतं!"

मी उठून बसलो आणि ओरडलो. माझा आवाज मोठा आहे, गोलीचा आहे, बाल्कनीपर्यंत जातो. "ऐका रे सगळे! त्या मॅचलाही यानं इथंच मारला होता. ही बाजू माझी कच्ची नव्हती. यानंच पक्की करून दिली होती. मला काढता येणार होता तो बॉल. मी गेलो नाही. क्लब यानं नाही पाडला, मी पाडला. आणि वर तोंड बंद ठेवलं."

 चारनं तोंडावर हात ठेवला. वीस वर्षं तो समजत होता की त्याच्या हाताला लागलेल्या बॉलनं सगळं बुडालं.

नऊ हळूहळू चालत माझ्यापर्यंत आला. मी मुरुमात फतकल मारून बसलेलो, बॉल मांडीवर. तो माझ्याकडे खाली बघत उभा राहिला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तेव्हा का नाही आलास?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं, तू बदललास."

 तो म्हणाला, "नोकरी बदलली होती रे फक्त." आणि त्याचा आवाज फुटला. "आई शेवटपर्यंत विचारायची, त्या पोरानं पेढा का घेतला नाही म्हणून. मी काय सांगणार होतो?"

मी रडलो. चारचौघांत, हातमोजे डोळ्यांना लावून, पोरासारखा. त्यानं मला उठवायला हात पुढं केला, पण त्याला वाकता येईना आणि मला उठता येईना. शेवटी चार आला आणि त्यानं माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं.

सेक्रेटरीनं बॉल पुन्हा ठेवला. रीत ती रीत, बोहनी व्हायला हवी होती. नऊनं डोळे पुसले, मागं सरकला आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात मारला. या वेळी मी उजवीकडे पडलो.